हुर्राक आयलो?

सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी ओल्या फडक्याने टेबलांचे संगमरवर पुसत होते. दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर, हातात पावांची पिशवी.

"हुर्राक आयलो?"

"नाही अजून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून छताकडे पाहिलं. खरं उत्तर तिथून यायचं होतं. आलंच. वरच्या तक्तपोशीवर काठीचा एक ठोका पडला आणि जिन्यावरून सासऱ्यांचा आवाज खाली आला, "आयतारा!" गृहस्थ "बरें" म्हणाले आणि पाव घेऊन चालते झाले.

हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडूची, म्हणजे फळाची, पहिल्या धारेची दारू, मोसमापुरतीच मिळणारी. आणि बार माझ्या हाती आल्याचा तो पहिला दिवस.

२०२४ चा फेब्रुवारी संपत आला होता. बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. नवरा जहाजावर, त्याचं काँट्रॅक्ट जुलैत संपणार. सासूबाई बारच्या स्वयंपाकघरात पस्तीस वर्षं आहेत, पण गल्ल्यावर बसायला त्यांनी जन्मात होकार दिला नव्हता आणि आताही देणार नव्हत्या. "मी उंडे आणि बांगडे सांभाळते, तू माणसं सांभाळ," एवढंच त्या म्हणाल्या. मी घरी बसून एका कंपनीचे हिशेब बघते. जिला हिशेब येतात तिला बार येतो, असा घरात सगळ्यांचा समज झाला. माझाही.

मी देवरुखची. आमच्याकडे 'परमिट रूम' अशी पाटी, काळ्या काचा, आत तांबूस दिवा आणि दाराला पडदा. एसटी स्टँडवरून घरी येताना आई आम्हाला रस्त्याच्या पलीकडून न्यायची. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो, म्हणून ती परमिट रूम. गोव्यात हे प्रकरण नाही. माझं लग्न ठरताना मध्यस्थाने "पणजीत हॉटेलचा धंदा आहे" यापुढे एक अक्षर काढलं नव्हतं. वडील पहिल्यांदा इकडे आले तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर बसून त्यांनी सोलकढी प्यायली, फळीवरच्या बाटल्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "स्वच्छता चांगली आहे."

बार पणजीच्या मळा नावाच्या भागात आहे, फोंतैन्यासची रंगीत घरं मागे पडून मारुतीच्या देवळाचा चढ लागतो त्या बाजूला. सहा टेबलं, भिंतीला लावलेली दोन बाकं, एक काउंटर. दारं अर्धी, खालून मोकळी, ढकलली की मागेपुढे झुलणारी. बाहेरून बसलेल्यांचे पाय तेवढे दिसतात, त्यामुळे बायका चपला ओळखून नवऱ्याला हाक मारतात. काउंटरवर शांतादुर्गेची तसबीर, तिला रोज अबोली, आणि शेजारी चौकटीत अबकारी खात्याचा परवाना. दोघांना एकच उदबत्ती पुरते. मागच्या फळीवर गराफांव, म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले पोटफुगे काचेचे बुधले. एकात काजूची फेणी, एकात माडाची, तिसऱ्यात दुकशिरीची, म्हणजे आपल्या अनंतमुळाची, मुळं घातलेली तांबूस फेणी. ती लोक औषध म्हणून घेतात. औषधाला मात्रा असते हे त्यांना कोणी सांगायचं?

बाबांनी अंथरुणातूनच शिकवणी सुरू केली. त्यांची खोली नेमकी काउंटरच्या डोक्यावर.

पहिला धडा मापाचा. फेणी कोपिनाने, म्हणजे मापाच्या लहान पेल्याने, मोजायची, आणि कोपीन काठोकाठ भरलं पाहिजे, पण सांडता कामा नये. "कमी पडलं तर गिऱ्हाईक बोलणार नाही, पण दहा वर्षं लक्षात ठेवेल. जास्त पडलं तर उद्यापासून तेच माप धरेल." मी दोन दिवस दुपारच्या बंद वेळेत पाणी घेऊन सराव केला. बँकेच्या परीक्षेसाठीही एवढा केला नव्हता.

दुसरा धडा वह्यांचा. एक अबकारीची: आलं किती, खपलं किती, उरलं किती, रोजच्या रोज. ती मला सोपी गेली. दुसरी उधारीची. तिच्यात माणसांची नावंच नव्हती. 'पिवळी स्कूटर', 'पोस्ट', 'चर्चचा वरचा सूर', 'वरचा सुतार', 'खालचा सुतार'. मी हौसेने सगळं एक्सेलमध्ये घातलं, कोणाची बाकी किती दिवसांची आहे त्याप्रमाणे रंग दिले आणि वर जाऊन दाखवलं. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "लाल कोण? पोस्ट? पोस्ट सात तारखेला पैसे द्यायला येतो. आला नाही तर पैसे विचारायचे नाहीत. घरी कोण आजारी आहे ते विचारायचं." एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता.

तिसरा धडा एका शब्दाचा. पुरो. म्हणजे बास. "ओतायला काय, कोणालाही येतं," बाबा म्हणाले. "पुरो म्हणता आलं पाहिजे." मी त्यांना तो शब्द म्हणताना कितीदा ऐकला होता. आवाज चढवायचा नाही, समोरच्याकडे बघायचंही नाही, हातातला ग्लास पुसत राहायचं आणि ग्लासालाच सांगितल्यासारखं म्हणायचं. समोरचा उठतो, खुर्ची सारखी करतो आणि जातो. मी आरशासमोर म्हणून बघितलं. माझ्या तोंडून जे निघालं त्याचा सूर "आता बास हं काका" असा, बालवाडीच्या बाईंचा होता.

म्हणून काठी. एक ठोका, म्हणजे मी बोलतोय, ऐक. दोन, म्हणजे त्या टेबलाकडे लक्ष दे. तीन, म्हणजे आता बंद कर. कायद्याने अकरापर्यंत वेळ, पण आमचे तीन ठोके साडेदहालाच पडायचे. मी विचारलं, "बाबा, वरून तुम्हाला दिसतं काय?" म्हणाले, "चेहऱ्याने माणूस फसवतो. आवाजाने नाही."

शनिवारी पुतण्याच्या पिकअपमधून हुर्राक आणायला सत्तरी तालुक्यात गेलो. साखळी, होंडा, वाळपई, आणि तिथून पुढे डोंगराच्या अंगाने. त्या भागात मराठी घरोघर, त्यामुळे भट्टीवाल्यांच्या आजींशी माझं लगेच जमलं. "देवरुखात बोंडूचं काय करता गो?" त्यांनी विचारलं. काय सांगणार? आम्ही बी पिळून घेतो आणि बोंडू झाडाखाली टाकून देतो. मार्च-एप्रिलात बागेत आंबूस वास सुटतो, माश्या घोंगावतात, आणि लहानपणी तो वास म्हणजे माझ्या लेखी सुट्टीचा वास होता. आजींनी माझ्याकडे अशा काही कणवेने बघितलं की मला आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याच्या वतीने लाज वाटली.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. त्याच्या बोंडूचं इथे जे केलं जातं त्याला तोड नाही. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपणहून पडलेलाच वेचतात. कोणत्या पट्ट्यातले कोणी वेचायचे याची अबकारी खातं पावणी, म्हणजे लिलाव, करतं. बी वेगळी काढली की बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी खळग्यात, जातात. बऱ्याच ठिकाणी आता यंत्र आलंय. इथे आजींचा मुलगा गुडघ्यापर्यंत पाय घासून धुऊन आत उतरला होता आणि एका लयीत तुडवत होता. पिवळा-लाल लगदा बोटांच्या फटींतून वर यायचा. तुडवून झालं की चोथ्याचा ढीग करून त्याला नुडीच्या वेलीने करकचून बांधतात आणि वर जड दगड ठेवतात. मग त्यातून थेंब थेंब गळतो तो नीरो. मला आजींनी करवंटीतून दिला. गोड, थंड, आणि मागाहून घशाला तो काजूचा किंचित ओरखडा. यात अजून नशा नसते.

तुडवलेला रस पिंपात तीन दिवस आंबतो. त्यात बाहेरचं काही घालत नाहीत. आजी म्हणाल्या, "कान लाव." मी पिंपाला कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती, लांबच्या कौलांवर पाऊस पडत असावा तशी. आवाज थांबला की आंबणं झालं, मग रस भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, खाली लाकडांचा जाळ. पूर्वी वाफ मडक्यात धरून वरून बाई तासन् तास पाणी ओतत बसायची. आता तांब्याची नळी पाण्याच्या टाकीतून फिरवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक. हाच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भाणात घातला की फेणी. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. बाटलीबंद फेणीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. पण भट्टीवर टक्के कोणी बोलत नाही. तिथे ग्राव. हुर्राक चौदा-पंधरा ग्राव, फेणी एकोणीसच्या आसपास. मुलाने काचेची नळी सोडून दाखवली. मी वहीत लिहायला लागले तशी आजींनी माझा हात धरला, तळव्यावर चार थेंब टाकले आणि म्हणाल्या, "चोळ. सुकू दे. आता वास घे." हाताला बोंडूचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. "हेच लिही," त्या म्हणाल्या.

आयतारा, म्हणजे रविवारी, हुर्राक आला. पाटी लावली नाही, कोणाला फोन केला नाही. कॅनचं झाकण उघडल्यावर वास गल्लीत गेला आणि बाराच्या आत दोन्ही बाकं भरली. पावांची पिशवीवाले गृहस्थ सगळ्यात आधी.

हुर्राकाची एक पद्धत आहे. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून मीठ, मग लिंबाची फोड, उभी चिरलेली हिरवी मिरची, बर्फ, हुर्राक आणि वर लिम्का. मिरची चिरायची, कापायची नाही. मी पहिल्या ग्लासात चकत्या टाकल्या तर वरच्या सुतारांनी त्या एकेक करून बशीत काढून ठेवल्या, अळ्या काढाव्यात तशा. जुनी मंडळी लिम्काला नाक मुरडतात. त्यांना नुसतं पाणी आणि चिमूटभर मीठ. सोबत मीठ लावलेली कैरी, उकडलेलं अंडं, सासूबाईंचं सुक्या सुंगटांचं किसमूर. चोरीस पाव, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा पाव, फक्त शनिवारी.

एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. हुर्राक येतो नेमका करेज्मच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या, दिवसांत. आमची निम्मी गिऱ्हाइकं ख्रिस्ती. त्यातले बरेच जण राखेच्या बुधवारपासून पिणं सोडतात. पिणं सोडलं तरी येणं सोडत नाहीत. पोस्ट रोज सातला यायचे, आपल्या जागी बसायचे, सोडा मागवायचे आणि दुसऱ्यांच्या ग्लासांकडे शांतपणे बघत राहायचे. चर्चचा वरचा सूर तर काउंटरला येऊन कॅनचं झाकण उघडून मागायचा, एक लांब श्वास घ्यायचा आणि "थँक यू, वयनी" म्हणून जायचा. वासाला उपवासात बंदी नाही म्हणे. मार्चचा गल्ला बघून मला घाम फुटला. बाबा म्हणाले, "एकतीस तारखेला दोन कॅन जास्त आणून ठेव."

३१ मार्चला ईस्टर. मिस्सा सुटल्यावर इस्त्रीच्या शर्टांतली माणसं आत आली. पोस्टनी ग्लास उचलला, उजेडात धरला, सगळ्यांकडे बघून मान लववली आणि पहिला घोट घेतला. साडेसहा आठवड्यांचं देणं त्या दुपारी फिटलं. दोन कॅन अपुरे पडले.

पाहुण्यांबद्दल सांगते. फोंतैन्यासच्या घरांवर हल्ली फोटो काढू नका म्हणून पाट्या आहेत, कारण लोक दुसऱ्याच्या ओट्यावर बसून कपडे बदलून फोटो काढतात. तेच लोक ऊन चढलं की आमच्याकडे येतात. पुण्याचे सहा जण एकदा दुपारी दीडला आले. "दादा आहेत का?" असं त्यांनी मला विचारलं. मीच दादा आहे म्हटलं. त्यांना हुर्राकाचा रील करायचा होता. ग्लासात मिरची पडताना, लिम्का फेसाळताना, पुन्हा एकदा, ताई, जरा हळू. मी एकाच ग्लासात चार वेळा लिम्का ओतली. हुर्राक गोडसर लागतो, सरबतासारखा खाली उतरतो आणि अर्ध्या तासाने आपलं काम दाखवतो. त्यातल्या एकाने "यात काहीच नाहीये" म्हणत तिसरा मागवला. उठला तेव्हा झुलतं दार त्याला दोनदा लागलं, आत जाताना आणि बाहेर जाताना. मुळात त्याला फक्त बाहेर जायचं होतं.

आणि एक कोल्हापूरचं जोडपं. नवरा आत आला, बायको दाराशी. तिने दाराच्या वरून डोकावलं, मी दिसले, गल्ल्यावर, कपाळावर टिकली. मग आत आली. "तुम्ही इथल्याच का?" देवरुखची म्हटल्यावर खुर्ची ओढून बसली ती तासभर. तिने कोकम सरबत घेतलं, मग नवऱ्याच्या ग्लासातला एक घोट, मग तिचा स्वतःचा अर्धा ग्लास. "सासूबाईंना नका सांगू," असं मलाच म्हणाली. मी तिच्या सासूबाईंना कुठे भेटणार होते?

पर्यटकांनी सगळं बिघडवलं असं आमच्या बाकांवर रोज एकदा तरी म्हटलं जातं. मला ते पटत नाही, कारण वही माझ्याकडे आहे. बाकांवर बसणाऱ्यांची पावसाळ्यातली उधारी या सेल्फीवाल्यांच्या रोख पैशांवर चालते. हे मी बोलून दाखवत नाही.

एप्रिलच्या मध्यावर माझी फजिती झाली. आजींच्या भट्टीवर मागणी इतकी की आमच्या वाट्याला अर्धाच माल आला. कोणीतरी दुसऱ्या एका भट्टीचा नंबर दिला. माल दारात पोचला तेव्हा माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. कानाला फोन, हाताने सही, कॅन आत. त्या संध्याकाळी पोस्टनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, थोड्या वेळाने म्हणाले, "वयनी, आज एक बियर दी." मला वाटलं, उकडतंय फार. त्या वर्षी पणजीभर रस्ते खोदलेले, धूळ घशात. मग खालच्या सुतारांनी बियर मागितली. मग वरच्यांनी. एका शब्दाने कोणी तक्रार केली नाही. ग्लास तसेच टेबलांवर उभे, त्यात मिरच्या तरंगताहेत.

ठोका पडला. एक. मी वर गेले.

"फ्रीज इतक्या वेळा का उघडतोय?" बाबांनी विचारलं.

मी खाली येऊन तळव्यावर थेंब टाकले, चोळले, सुकू दिले. करपलेला वास. भाणाच्या बुडाला लागलेला. आणि त्याखाली काहीतरी गुळचट, बोंडूचं नसलेलं. दोन्ही कॅन मोरीत ओतले. भट्टीवाल्याला फोन केला तर "उन्हाचा गुण असतो, मॅडम" म्हणाला आणि पैसे काही परत आले नाहीत. उरलेला पेलाभर तरी गुडघ्याला चोळायला ठेवू का, असं सासूबाईंनी विचारलं, तर बाबा म्हणाले, "माझा गुडघा नवीन आहे." दुसऱ्या दिवशी मी पोस्टना विचारलं, काका, सांगितलं का नाहीत? ते अवघडले. "तुझो पयलो सीझन," म्हणाले.

त्याहून वाईट ते पुढे. पिवळी स्कूटर हा गप्प पिणारा माणूस. चौथ्या ग्लासाला वरून दोन ठोके. मी बघितलं, तो तर नुसता बसलेला, भिंतीकडे बघत. पुन्हा दोन ठोके. मी फडकं आणि ग्लास घेऊन गेले, पुसत पुसत म्हटलं, "पुरो." म्हणताना नेमकी मी त्याच्याकडे बघितलं. त्याने हसून माझ्यासाठी मराठीत म्हटलं, "शेवटचा, वहिनी." आणि मी दिला. माणूस इतक्या सभ्यपणे मागतो तेव्हा नाही कसं म्हणायचं हे मला कोणत्याच शाळेत शिकवलेलं नव्हतं. वीस मिनिटांनी खालच्या वळणावर, खोदलेल्या रस्त्याच्या मातीत, स्कूटर घसरली. कोपर सोललं, गुडघ्याची पँट फाटली. तेवढ्यावर निभावलं. वरचे सुतार त्याला धरून घरी सोडून आले.

मला वाटलं, बाबा आता बोलतील. त्यांनी विचारलं, "देवीच्या तसबिरीखाली काय आहे?"

"खिळे आहेत. हारासाठी."

"सात खिळे? हार एक."

दुसऱ्या ग्लासाला चावी मागायची, हा तो न सांगितलेला चौथा धडा. ग्लास पुढे करायचा, पण हातातून सोडायचा नाही. दुसरा हात उघडा. समोरचा आपोआप चावी ठेवतो. ती शांतादुर्गेच्या पायाशी खिळ्यावर. परत मागताना त्याला काउंटरपर्यंत चालत यावं लागतं, आणि ती सहा पावलं बघूनच पुढचं ठरतं. बारा वर्षं मी त्या घरात होते आणि ते खिळे मला हाराचे वाटत होते. पिवळी स्कूटर चार दिवसांनी कोपराला पट्टी लावून आला. मी काही बोलायच्या आत त्याने पहिल्याच ग्लासाला चावी काउंटरवर ठेवली.

७ मे ला लोकसभेचं मतदान. त्याआधीचे ४८ तास दारू बंद. मी दारं उघडी टाकून खोली धुवायला काढली, आणि सातच्या ठोक्याला मंडळी आलीच. काही मिळणार नाही हे ठाऊक असून बाहेरच्या पायरीवर बसली, सासूबाईंनी चहा दिला. नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. त्या संध्याकाळी वॉकरचा टकटक आवाज जिन्यावर आला. अडीच महिन्यांनी बाबा खाली उतरले. काउंटरकडे आले नाहीत. पोस्टच्या जागी, बाकावर, भिंतीला पाठ लावून बसले. त्या जागेवरून त्यांनी स्वतःचा बार बहुधा कधी बघितलाच नव्हता. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कॅलेंडर वाकडं आहे." ते पस्तीस वर्षं वाकडं असणार.

मेच्या शेवटी भट्ट्या विझल्या. हुर्राक टिकत नाही, असेल तो संपवायचा. शेवटचा कॅन उघडला त्या शनिवारी वळवाचा पाऊस आला, लाइट गेले, मेणबत्त्या लावल्या. बाहेरगावची पाच जणं बाकावर आमच्या लोकांत मिसळून बसली होती. चर्चचा वरचा सूर त्यातल्या एकाला मिरची उभी का चिरायची हे समजावत होता. साडेदहा व्हायला आले. पाचांतला एक उठून काउंटरशी आला. गोड बोलणारा, हसरा, पाय जरा अंतर ठेवून उभा.

"ताई, एक लास्ट. उद्या जातोय आम्ही."

माझ्या हातात ग्लास होता. काठाला मिठाचा एक कण चिकटला होता, तो निघत नव्हता. "पुरो," मी म्हटलं.

त्याला कोकणी येत नव्हती. तरी त्याने पाकीट काढलं, पैसे मोजले, जाऊन खुर्ची सारखी केली. सगळे उठले. मी छताकडे बघितलं. तीन ठोके पडायची वेळ होऊन गेली होती, पण वरून काही आलं नाही.

सकाळी चहा घेऊन वर गेले. बाबा उधारीची वही मांडीवर घेऊन बसले होते, अबकारीची शेजारी. झोप लागली का, मी विचारलं.

"काल लिम्का किती मांडल्यास?"

"नऊ."

"अकरा," ते म्हणाले. "टोपणं अकरा उघडली."